चिठ्ठीत मोठं नाव निघालं म्हणून...

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शहापुरात सकाळपासून पावसाची झड लागली होती. संध्याकाळी नातू शाळेतून आला तो चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर भिरकावूनच. दप्तर सोफ्यावर, मोजे पंख्याखाली आणि स्वारी तोंड पाडून कोपऱ्यात. आमच्या सूनबाई हुबळीच्या. त्यांनी आतून हाक मारली, "ऊटा माडु बा!" उत्तर आलं, "ब्याडा!" आणि पुन्हा शांतता.

जेवायला नको म्हणणं हे आमच्या घरात तापाचं लक्षण. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं रे?"

"ड्रॉ निघाला अज्जा. पहिलीच मॅच त्यांच्याबरोबर."

'त्यांच्याबरोबर' म्हणजे कुणाबरोबर, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. गेली तीन वर्षं आंतरशालेय फुटबॉलचा चषक ज्या शाळेनं नेला, ती शाळा. त्यांना वेगळा कोच, स्वतःचं मैदान, प्रत्येकाला दोन-दोन जोड बूट. आमच्या नातवाच्या संघात अकरा पोरांत धड बूट सात.

"मग?"

"मग काय! आम्ही ठरवलंय, जायचंच नाही. सात-आठ गोल खाऊन सगळ्यांसमोर हसं करून घ्यायचं कशाला? उद्या सरांना चिठ्ठी देणार. कॅप्टन म्हणून मीच सही करणार."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. का, ते पुढं सांगतो. त्या क्षणी मी एवढंच म्हणालो, "बरं. चिठ्ठी उद्या दे. पण आज जेव, आणि झोपायच्या आधी माझ्या चार गोष्टी ऐक."

मला फुटबॉलचं वेड लहानपणापासूनचं. पोस्टातली नोकरी संपल्यापासून तर रात्री मोबाइलवर युरोपातले सामने पाहणं हा माझा एकमेव शौक. अंतिम सामन्यांपेक्षा मला ओढ असते ती जुलैमधल्या पात्रता फेऱ्यांची. आपल्याकडे पेरण्या चालू असतात तेव्हा तिकडे या फेऱ्या चालू होतात. कुणाला नावंही माहीत नसलेले क्लब त्यात खेळतात आणि अधूनमधून एखादा लहान क्लब मोठ्याला असा चीतपट करतो की दुसऱ्या दिवशी नकाशा काढून गाव शोधावं लागतं. त्या रात्री नातवाला सांगितल्या त्याच गोष्टी आज वाचकांना सांगतो.

पोलिसाचा गोल

जिब्राल्टर हे स्पेनच्या दक्षिण टोकाला चिकटलेलं ब्रिटिश अमलाखालचं ठिकाण. क्षेत्रफळ जेमतेम पावणेसात चौरस किलोमीटर, वस्ती तीस-पस्तीस हजारांच्या घरात. एक उंच खडक आणि त्याच्या पायथ्याशी गाव. जागेची एवढी टंचाई की, २०२३ मध्ये बोगदा होईपर्यंत स्पेनकडे जाणारा मुख्य रस्ता थेट विमानतळाची धावपट्टी ओलांडून जायचा. विमान आलं की फाटक बंद! तिथली माणसं घरात 'यानितो' बोलतात. म्हणजे वाक्य इंग्रजीत सुरू होतं आणि स्पॅनिशमध्ये संपतं. आमच्या घरचं बोलणं मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं तसंच. नातवाला ही गोष्ट फार आवडली.

या गावाला युरोपच्या फुटबॉल संघटनेचं, म्हणजे 'युएफा'चं सदस्यत्व मिळालं ते २०१३ मध्ये. तीनच वर्षांनी, १२ जुलै २०१६ रोजी, चॅम्पियन्स लीगच्या दुसऱ्या पात्रता फेरीत तिथल्या लिंकन रेड इम्प्स या क्लबसमोर आला ग्लासगोचा सेल्टिक. १९६७ साली युरोपियन कप जिंकलेला, साठ हजारांचं स्टेडियम असलेला सेल्टिक! त्यांचे नवे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांचा तो पहिलाच अधिकृत सामना. मैदान धावपट्टीला लागून, कृत्रिम हिरवळीचं.

मध्यंतरानंतर तिसऱ्याच मिनिटाला ली कॅशियारो नावाचा ३४ वर्षांचा खेळाडू बचाव चुकवून आत घुसला आणि त्यानं गोल केला. हा गृहस्थ पेशानं पोलीस. त्याच्या एका गोलावर लिंकननं सामना १-० असा जिंकला. याच कॅशियारोनं मार्च २०१५ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध ग्लासगोत जिब्राल्टरचा अधिकृत स्पर्धेतला पहिलावहिला गोल केला होता. तो सामना जिब्राल्टरनं ६-१ असा गमावला. सहा गोल खाल्ले तरी तो गोल मात्र त्या देशाच्या इतिहासात कायमचा लिहिला गेला.

"मग सेल्टिक बाहेर गेले?" नातवानं विचारलं.

नाही. इथं खोटं बोलून चालणार नव्हतं. आठवड्यानं ग्लासगोत परतीचा सामना झाला आणि सेल्टिकनं तो ३-० असा जिंकला. पुढं त्या मोसमात स्कॉटलंडमधल्या तिन्ही स्पर्धा सेल्टिकनं एकही सामना न हरता जिंकल्या. म्हणजे त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या कुणालाही जे जमलं नाही, ते खडकाखालच्या या क्लबनं करून दाखवलं होतं.

जुलैमध्येच हे का घडतं?

असे धक्के पात्रता फेऱ्यांतच जास्त का बसतात? त्यामागं नुसतं नशीब नाही, हिशेब आहे.

युरोपातल्या प्रत्येक देशाच्या लीगला युएफा मागच्या पाच वर्षांच्या कामगिरीवरून गुण देते. वरच्या देशांचे क्लब थेट मुख्य स्पर्धेत जातात. खालच्या देशांच्या विजेत्यांना मात्र जुलैपासून एकेक पायरी चढावी लागते. प्रत्येक फेरीत साधारणपणे एक सामना घरी, एक बाहेर. दोन्हीच्या गोलांची बेरीज करायची. पूर्वी बरोबरी झाली तर बाहेर केलेल्या गोलांना जास्त किंमत असे, तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला.

आता मेख अशी, की जुलैत मोठ्या क्लबांचा मोसम सुरू झालेला नसतो. खेळाडू सुट्टीवरून परतलेले, अंग जड, निम्मा संघ नवा, प्रशिक्षकही बऱ्याचदा नवा. उलट फेरो बेटं, स्वीडन, आयर्लंड अशा थंड प्रदेशांत लीग वसंतापासून शरदापर्यंत चालते. जुलैत तिथले खेळाडू ऐन भरात असतात. त्यात लहानसं मैदान, अनोळखी हवा, वारा, कृत्रिम हिरवळ. आणि मोठ्या संघाच्या मनात कुठंतरी 'हे काय, सहज जिंकू' हा भाव. आपल्याकडे म्हण आहे ना, कासवानं ससा हरवला तो वेगानं नव्हे!

पैशाचा भागही आहे. २०२१ ते २०२४ या काळात चॅम्पियन्स लीगच्या गटात नुसतं पोचलं तरी क्लबला १ कोटी ५६ लाख ४० हजार युरो मिळत. तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगमध्येही २९ लाख ४० हजार युरो. मोठ्या क्लबला ही एका खेळाडूची किंमत, लहान क्लबचा मात्र त्यात कायापालट होतो.

एका डाव्या पायाची कहाणी

दुसरी गोष्ट लक्झेंबर्गची. हा देशच केवढा, आणि भाषा तीन: लक्झेंबर्गिश, फ्रेंच आणि जर्मन. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेजवळ निडरकॉर्न नावाचं छोटं गाव आहे. तिथला क्लब प्रोग्रेस. २०१७ पर्यंत या क्लबनं युरोपीय स्पर्धेत एकही फेरी ओलांडली नव्हती. त्या वर्षी युरोपा लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत चिठ्ठी निघाली ती ग्लासगोच्याच दुसऱ्या बड्या क्लबची, रेंजर्सची. पहिला सामना रेंजर्सनं घरी १-० असा जिंकला. सगळ्यांनी विषय संपला असं धरलं. ४ जुलैला लक्झेंबर्गमध्ये प्रोग्रेसनं दोन गोल केले, रेंजर्सचा एकही नाही. बेरीज २-१, रेंजर्स घरी! चिडलेल्या पाठीराख्यांची समजूत घालायला रेंजर्सचे प्रशिक्षक झुडपात उभे राहून बोलतानाचं छायाचित्र तेव्हा जगभर फिरलं.

पुढच्याच फेरीत प्रोग्रेस सायप्रसच्या क्लबकडून हरला. पण गोष्ट तिथं संपत नाही. त्या सामन्यातला दुसरा गोल करणाऱ्या मुलाचं नाव सेबास्टियन थिल. त्याच्या पायावर एक गोंदण आहे: चॅम्पियन्स लीगच्या चषकाचं स्वप्न पाहणारा माणूस. निडरकॉर्नच्या खेळाडूनं असं गोंदवून घेणं म्हणजे लोकांना हसायला निमित्तच.

२०२१ मध्ये हाच थिल शेरीफ तिरास्पोल या क्लबकडून खेळत होता. तिरास्पोल हे ट्रान्सनिस्ट्रियाचं मुख्य शहर. नीस्टर नदी आणि युक्रेन यांच्यामधला हा चिंचोळा पट्टा १९९० मध्ये मोल्दोव्हापासून वेगळा झाल्याचं जाहीर करून बसला. १९९२ मध्ये तिथं लढाई झाली. स्वतःचं चलन आहे, सीमेवर चौक्या आहेत, तीन अधिकृत भाषा आहेत, पण संयुक्त राष्ट्रांचा एकही सदस्य देश त्याला देश मानत नाही. फुटबॉलमध्ये मात्र हा क्लब मोल्दोव्हाच्या लीगमध्येच खेळतो. शेरीफ गरीब नाही हेही सांगायला हवं. मागं त्याच नावाची मोठी कंपनी आहे, खेळाडू निरनिराळ्या खंडांतले. पण युरोपच्या दरबारात त्यांना कोण विचारतं!

त्या वर्षी त्यांनी अल्बानियाचा तेउता, आर्मेनियाचा अलाश्कर्त, मग बेलग्रेडचा रेड स्टार आणि शेवटी डिनॅमो झाग्रेब अशा चार पायऱ्या चढल्या. मोल्दोव्हाचा कुठलाही क्लब त्याआधी चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत गेला नव्हता. आणि २८ सप्टेंबर २०२१ रोजी माद्रिदमध्ये, तोवर तेरा वेळा युरोपचा विजेता ठरलेल्या रेआल माद्रिदसमोर, १-१ अशी बरोबरी असताना अगदी शेवटी चेंडू थिलकडे आला. त्यानं डाव्या पायानं तो वरच्या कोपऱ्यात मारला. शेरीफ २, रेआल माद्रिद १.

नातू उठून बसला. "तोच? रेंजर्सवाला?"

"तोच."

या शेरीफचे प्रशिक्षक युरी व्हेर्निडुब युक्रेनचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी ते संघाबरोबर पोर्तुगालमध्ये सामन्याला गेलेले होते. तिथून ते मायदेशी परतले आणि सैन्यात दाखल झाले. पाचच महिन्यांपूर्वी रेआल माद्रिदला हरवणारा माणूस सैनिकाच्या गणवेशात! खेळाला आपण लढाई म्हणतो, पण खरी लढाई आली की खेळ केवढा लहान आणि केवढा हवाहवासा वाटतो, ते अशा वेळी कळतं.

पाच हजारांचं गाव

तिसरी गोष्ट माझी सर्वांत लाडकी. स्कॉटलंडच्या उत्तरेला अटलांटिक समुद्रात फेरो बेटं आहेत. अठरा बेटं, लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी वर. त्यातलं क्लाक्सविक हे मासेमारीचं गाव. वस्ती पाच हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी! तिथल्या केआय क्लाक्सविक या क्लबचे बरेचसे खेळाडू नोकरी सांभाळून खेळणारे.

जुलै २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत त्यांच्यासमोर आला हंगेरीचा विजेता फेरेन्त्सवारोस. घरचा सामना ०-० सुटला. बुडापेस्टमध्ये काय होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. झालं उलटंच. क्लाक्सविकनं ३-० असा सामना जिंकला, तोही पहिल्याच सत्रात तिन्ही गोल करून. दोन गोल आर्नी फ्रेडरिक्सबर्गचे. फेरेन्त्सवारोसचे प्रशिक्षक चेर्चेसोव्ह, म्हणजे २०१८ च्या विश्वचषकात रशियाचा संघ सांभाळणारे गृहस्थ. त्यांना लगेच घरचा रस्ता दाखवण्यात आला.

पुढच्या फेरीत स्वीडनचा विजेता हॅकेन. घरी ०-० आणि तिकडे ३-३ झाल्यावर पेनल्टींवर क्लाक्सविकनं त्यालाही काढलं. मग नॉर्वेचा मोल्डे. घरी २-१ असा विजय, पण परतीच्या सामन्यात जादा वेळेत क्लाक्सविक हरलं. तिथून युरोपा लीगच्या दारात गेले, तर समोर कोण? शेरीफ! दोन वर्षांपूर्वीचा छोटा आता मोठा झाला होता. त्यानं यांना थोडक्यात हरवलं. तरीही क्लाक्सविकला कॉन्फरन्स लीगच्या गटात जागा मिळाली. फेरो बेटांवरचा कुठलाही क्लब त्याआधी तिथवर पोचला नव्हता.

हरणाऱ्यांची यादी मोठी

वाचकहो, एवढं वाचून कुणाला वाटेल की तिकडे रोज लहान मासा मोठ्याला गिळतो. तसं मुळीच नाही. दहातल्या नऊ वेळा मोठाच जिंकतो. म्हणून तर दहाव्याची बातमी होते.

हरणाऱ्यांमधलं एकच उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या सीमाभागाला चटकन समजेल. द न्यू सेंट्स हा क्लब वेल्सच्या लीगमध्ये खेळतो, पण त्याचं मैदान आहे इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावात. मूळचा क्लब सीमेपलीकडच्या एका वेल्श खेड्यातला. २००३ मध्ये तो ऑस्वेस्ट्रीच्या क्लबात मिसळला. खेळायचं एकीकडे आणि नाव नोंदवायचं दुसरीकडे! २००५ मध्ये लिव्हरपूल युरोपचा विजेता झाला, पण आपल्या देशात पाचवा आला, म्हणून त्याला पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागली. चिठ्ठीत नाव निघालं या वेल्श विजेत्याचं. निकाल ३-० आणि पुन्हा ३-०. चमत्कार वगैरे काही नाही.

पण त्यानंतरही हा क्लब पुन्हा पुन्हा पात्रता फेऱ्यांत येत राहिला आणि हरत राहिला. २०२४ मध्ये, लिव्हरपूलकडून हरल्यानंतर एकोणीस वर्षांनी, तो कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत पोचला. वेल्श लीगमधला असा पहिला क्लब. लिंकन रेड इम्प्सचंही तेच. सेल्टिकला धक्का दिल्यानंतर पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, तेही कॉन्फरन्स लीगच्या गटात गेले.

माझी सही

आता चहाचा कप का थांबला ते सांगतो.

१९७८ साली मी सतरा वर्षांचा होतो. गल्लीतल्या पोरांचा आमचा संघ होता आणि मी कॅप्टन. गावात पावसाळी स्पर्धा लागली. चिठ्ठीत आमच्यासमोर निघाला गोव्याहून आलेला नावाजलेला संघ. गल्लीतले जाणते म्हणाले, "कशाला अब्रू घालवता? लोक हसतील." आम्हाला ते पटलं. खरं तर पटवून घ्यायचंच होतं. मी चिठ्ठी लिहिली: खेळाडू आजारी असल्यामुळे संघ येऊ शकत नाही. खाली सही माझी.

त्या दिवशी राहवलं नाही म्हणून मी कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो. तो संघ वेळेवर आला, मैदानात रांगेत उभा राहिला. पंचांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली, कागदावर काही लिहिलं. लोक छत्र्या घेऊन परत गेले. हसलं कुणीच नाही. आमची आठवणसुद्धा कुणी काढली नाही.

आमचा डावा विंगर पुढं मुंबईला गिरणीत लागला. अलीकडे एका लग्नात भेटला. गुडघे गेलेले, हातात काठी. जेवता जेवता एकदम म्हणाला, "खेळलो असतो तर किती गोल खाल्ले असते रे आपण?" मी म्हणालो, "आठ तरी." तो म्हणाला, "नाही, चारच. एखादा मारलाही असता आपण." इतक्या वर्षांनी दोन म्हातारे न झालेल्या सामन्याचा निकाल ठरवत बसलो होतो. हरलेल्याला निदान आकडा माहीत असतो. आम्हाला तोही नाही.

हे मी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री नातवाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अज्जा, तुम्ही खरंच आजारी नव्हता?"

"नाही रे बाळा. एकही जण नव्हता."

निकाल

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गेली नाही. संध्याकाळी चार बुटांची सोय करायला मी आणि सूनबाई बाजारात गेलो. दोन जोड नवे, दोन शेजारच्या पोरांचे मागून घेतले.

सामन्याला मी गेलो. छत्री धरून, या वेळी कुंपणाच्या आत. पहिल्या दहा मिनिटांतच एक गोल बसला. मला वाटलं, आता पूर येणार. पण पोरं चिखलात पाय रोवून उभी राहिली. मध्यंतरानंतर दुसरा बसला. मग एका कॉर्नरवर गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. कुणाच्या, यावर अजून घरात वाद आहे. पंधरा मिनिटं ती बडी शाळा घाबरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांचे कोच उठून ओरडत होते. शेवटी तिसरा गोल झाला आणि शिट्टी वाजली.

नातू चिखलानं माखून माझ्याकडे आला. मला वाटलं रडेल. त्यानं एका हाताची तीन बोटं आणि दुसऱ्याचं एक बोट वर केलं.

"मूरु-ओंदु अज्जा. तीन-एक."

"बघितलं रे."

"नाही, तुम्ही लिहून ठेवा."

घरी आल्यावर मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवलं: ३-१. सूनबाईंनी गरम भाकरी वाढली. त्या दिवशी 'ब्याडा' कुणी म्हटलं नाही.

आपल्या घरातल्या मुलांसमोरही कधी ना कधी मोठ्या नावाची चिठ्ठी निघेल. परीक्षेत, नोकरीत, मैदानात. जिंकाल असं खोटं आश्वासन त्यांना देऊ नये. फक्त ती दुसरी चिठ्ठी, न जाण्याची, तेवढी त्यांना लिहू देऊ नये.